न नेलेली माणसं

माझा धंदा फोटोंना फ्रेम करून द्यायचा. दुकान गल्लीत आहे, एका बाजूला चपलांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. दवाखान्यातून बाहेर पडणारी माणसं गाल धरून माझ्या दारासमोर घटकाभर उभी राहतात आणि मला दर वेळी वाटतं, गिऱ्हाईक आलं! मी तोंडभर हसतो. त्यांना हसता येत नाही, कारण अर्धं तोंड बधिर असतं. मग ती निघून जातात आणि मी पुन्हा पेपरात डोकं घालतो. माझी बायको त्याच दवाखान्यात रिसेप्शनला बसते. घर तिच्या पगारावर चालतं आणि दुकान तिच्या दयेवर.

आता अशा माणसाला कोणी मुलांना धंदा शिकवायला सांगेल का? सांगितलं. सांगणारी दुसरीतिसरी कोणी नाही, माझी थोरली मेहुणी. ती शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळेत काय बोलते माहीत नाही, पण आमच्याशी बोलतानाही हजेरी घेतल्यासारखीच बोलते.

"दर शनिवारी दुपारी नववी-दहावीतली मुलं तुमच्याकडे येतील," ती काउंटरवर पर्स ठेवत म्हणाली. "डोकं लढवून, कला वापरून पैसे कसे कमवायचे, ते त्यांना शिकवा."

"ताई, असं शिकवणारं कोणी असेल तर आधी माझंच नाव घाला शाळेत."

"चेष्टा नको. बेकरीवाल्याला विचारलं, त्याला वेळ नाही. फुलवालीला विचारलं, तिला वेळ नाही. ज्यांचा धंदा चालतो त्यांना वेळ कुठला असणार? म्हणून म्हटलं, तुमच्याकडे यावं."

खोटं काय बोलली? मागे, जेवायच्या सुट्टीत दवाखान्यातून आलेली माझी बायको तोंडाला पदर लावून खुसुखुसु हसत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने काढली त्याने माझ्या दुकानावरून एक चक्कर मारली असणार. पण मेहुणीला नाही म्हणायची माझी टाप नाही. हो म्हटलं.

पहिल्या शनिवारी तिघं आली. त्यातल्या एकाने काच कापायच्या पहिल्याच धड्यात बोट कापून घेतलं. त्याची आई येऊन मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरा फक्त माझ्या पंख्याखाली बसायला यायचा. उकाडा कमी झाला तसा तोही यायचा थांबला. राहिली एक मुलगी. पंधरा-सोळा वर्षांची, दोन वेण्या, आणि जीभ अशी की मी दुसऱ्याच शनिवारी तिला 'वकील' म्हणायला लागलो.

"पहिला धडा," मी खुर्ची पुढे ओढून म्हणालो, "गिऱ्हाईक म्हणजे देव."

"मग आत्ता गेले त्या काकांना तुम्ही 'मेला चिकट' का म्हणालात?"

"मनात म्हणालो."

"मला ऐकू आलं."

तर असा पहिला धडा झाला. दुसरा धडा किंमत सांगण्याचा. माझ्यात एक जन्मजात खोड आहे. किंमत सांगायची वेळ आली की माझा आवाज बसतो, आणि समोरच्याने भुवई उचलायच्या आत मीच म्हणतो, "बरं, तुमच्यासाठी कमी करतो." समोरचा बिचारा पाकीट काढतच असतो. वकिलीणबाईंनी हे दोनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडलं तशी ती टेबलाखालून माझ्या पायावर पाय देऊन उभी राहिली. गिऱ्हाईकाने पूर्ण पैसे दिले. ते गेल्यावर मी पाय चोळत बसलो आणि ती म्हणाली, "काका, तुम्ही शिकवता ते मी सगळं उलटं लिहून घेते. फार उपयोग होतो."

कान उपटावा असं वाटलं. पण खरं सांगतो, मला तिची वाट बघायची सवय लागली. शनिवार आला की मी शर्टाला इस्त्री करायचो. बायको म्हणायची, "लग्नाला नाही केलीत एवढी कडक."

पण नुसतं बोलून काय होणार, मुलीच्या हातून काहीतरी तयार होऊन विकलं जायला हवं होतं. मेहुणीने सत्राच्या शेवटी 'काय कमावलं?' असं विचारायचं ठरवलं होतं, आणि ती विचारते तेव्हा उत्तर नसलेलं चालत नाही. फ्रेमच्या नवीन लाकडी पट्ट्या, नवीन काच यांत घालायला माझ्याकडे पैसे नव्हते. मग मला माळा आठवला.

सगळ्या फ्रेमवाल्यांकडे असा माळा असतो. लोक मोठ्या हौसेने फोटो आणून देतात, पट्टी निवडायला तासभर लावतात, थोडे पैसे पुढे ठेवतात आणि न्यायला येतच नाहीत. का येत नाहीत, देव जाणे. कोणी गाव बदलतं, कोणाचं भांडण होतं, कोणाचं लग्न मोडतं. आमच्या भिंतीवर माझ्या वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी आहे, 'तयार माल तीन महिन्यांत न नेल्यास आमची जबाबदारी नाही.' वडील गेले, पाटी राहिली, आणि माळ्यावर तशा न नेलेल्या फ्रेमा भिंतीला टेकून रांगेने उभ्या राहिल्या.

"यातल्या फ्रेमा घे," मी वकिलीला सांगितलं. "पूस, पॉलिश कर, कोपरे सुटले असतील तर खिळे मार. आणि तुझ्या डोक्याने काहीतरी कर की लोक विकत घेतील."

माझ्या मनात होतं की ती आतले फोटो काढून नीट कागदात गुंडाळून ठेवेल आणि रिकाम्या फ्रेमांत चित्रंबित्रं घालेल. मनात होतं. तोंडाने बोललो नाही. धंद्यातला माणूस ना मी, सगळं गृहीत धरायची सवय.

पुढच्या शनिवारी तिने विचारलं, "काका, फोटोभोवतीच्या या जाड कागदात खाली आणखी एक लहान खिडकी कापता येते का?"

आता हा प्रश्न मला विचारणं म्हणजे भुकेल्याला जेवायला बसवण्यासारखं. तो जाड कागद, म्हणजे माउंट, कापणं ही माझी एकुलती एक कला आहे. पातं तिरकं धरून असा काप घ्यायचा की आतली पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली पाहिजे, कोपऱ्यात एक केसभरही जास्त जाता कामा नये. मी तिला शिकवलं. तिचा हात धरून शिकवलं. चार माउंट वाया गेले, पाचव्याला जमलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. खालची ती लहान खिडकी कशासाठी, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

नंतरच्या आठवड्यांत ती तयार माल माझ्याकडे तपासायला आणायची. मी चष्मा लावून प्रत्येक फ्रेम तपासायचो. कोपरे जुळलेत? जुळलेत. काचेत बुडबुडा? नाही. मागची दोरी ताणलेली? आहे. शाब्बास! जा, विक. एकेक करून सगळ्या पास केल्या मी.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, आतमध्ये काय होतं ते नाही दिसलं तुला? नाही दिसलं. शपथेवर सांगतो. आम्ही फ्रेमवाले चित्र बघतच नाही. डोळे आधी कोपऱ्यावर जातात, मग काठावर, आणि तिथेच थांबतात. माझ्या स्वतःच्या लग्नाचा फोटो घरात आहे. कुठली पट्टी वापरली ते विचारा, झोपेत सांगेन. बायकोने कुठली साडी नेसली होती ते विचारू नका, तिने विचारलं होतं तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता.

माल खपला! गल्लीच्या टोकाला नवीन कॉफीचं दुकान उघडलं होतं. त्याचा मालक तरुण, डोक्यावर केसांचा अंबाडा, भिंती मुद्दाम न रंगवलेल्या. त्याने सगळ्याच्या सगळ्या फ्रेमा घेतल्या, आणि वकिलीने सांगितलेल्या किमतीत घेतल्या. एक पैसा कमी नाही. मी छाती फुगवून गल्लीतून फिरलो. चपलांच्या दुकानात जाऊन, गरज नसताना, "आमची विद्यार्थिनी" असं दोनदा म्हणालो. मेहुणीला फोन केला. ती म्हणाली, "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." तिच्या तोंडून हे म्हणजे मानपत्रच.

आणि मग एका मंगळवारी काकू आल्या.

सत्तरीच्या आसपासच्या, किरकोळ अंगाच्या, हातात कापडी पिशवी. दाराबाहेर उभ्या राहिल्या. मला सवयीने वाटलं, दातवाल्यांकडचं गिऱ्हाईक असणार. पण त्या आत आल्या आणि काउंटरला धरून म्हणाल्या, "एक फोटो टाकला होता. फार दिवस झाले. तुम्ही ठेवला असेल का हो?"

"कोणाचा, काकू?"

"आमच्या ह्यांचा. ते गेल्यावर टाकला होता. सात-एक वर्षं झाली असतील."

"पट्टी कुठली होती?"

"तपकिरी. आतून सोनेरी कड. तुम्हीच म्हणाला होतात, चेहऱ्याला शोभून दिसेल."

मला ती फ्रेम लख्ख आठवली. अक्रोडी रंगाची पट्टी, आत सोनेरी कड, खालचा उजवा कोपरा थोडा दबलेला. तो कोपरा वकिलीने लाकडाची भुकटी भरून इतका सुंदर बसवला होता की मी तिची पाठ थोपटली होती. चेहरा मात्र काही केल्या आठवेना. आणि मग डोक्यात जो उजेड पडला त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"बघतो, माळ्यावर बघतो," मी म्हणालो. "कधी हवाय?"

"रविवारच्या आत द्या. मुलगी येतेय परदेशातून, नातू येतोय. पहिल्यांदाच येतोय तो. आजोबा गेले तेव्हा तो पोटात होता." त्या जरा थांबल्या. "फोनवर रोज विचारतो, आजोबा कसे दिसायचे, आजोबा कसे होते. मी त्याला सांगून बसलेय, फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय, आलास की दाखवीन. आता भिंतीवर नुसता खिळा दाखवू का?"

"दुसरा फोटो असेल ना?"

"नाही हो. ह्यांना फोटो काढलेला आवडायचा नाही. तो एकच होता, ऑफिसच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. ओळखपत्र ऑफिसने परत घेतलं."

"उद्या येऊन विचारते," म्हणून त्या गेल्या. मी शिडी लावून माळ्यावर चढलो. माहीत असूनही चढलो. माळा रिकामा होता. माझ्याच दुकानातली एवढी मोठी स्वच्छता बघून मला रडू यायचं बाकी होतं. शिडीवरून उतरताना शेवटची पायरी चुकली ते वेगळंच.

शाळा सुटल्यावर वकिलीला बोलावून घेतलं. "आतले फोटो कुठे ठेवलेस?"

"कुठे म्हणजे? आतच आहेत."

"आत कुठे?"

"फ्रेममध्ये. तुम्हीच तर पास केल्यात, काका." मग माझा चेहरा बघून ती पहिल्यांदाच जरा हळू आवाजात बोलली. "रिकाम्या फ्रेमा कोण घेतं? त्या चेहऱ्यांखाली मी खिडकीत एकेक कार्ड बसवलं. हा माणूस कोण होता, कसा होता, असं. सगळं मनाने रचलेलं. लोकांना वाचायला आवडतं. म्हणून तर घेतल्या त्याने. मला वाटलं, तुम्ही वाचलीत."

खाली बसलो मी. हिने शोधलेली गोष्ट खरोखर अफलातून होती. लोकांचे बाप, सासरे, काका-मामा हिने बनावट चरित्रांसकट कॉफीवाल्याला विकले होते आणि मी, तिचा गुरू, दोरी ताणलेली आहे का ते बघत होतो. बायकोला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "दुसऱ्याचा नवरा विकलात तुम्ही! स्वतःची बायको तेवढी राहिलीय, तिचीही पट्टी बघून ठेवा."

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या. मी रात्रभर तीन थापा पाठ करून ठेवल्या होत्या. एकही आठवली नाही. जे झालं ते सांगून टाकलं. वकील माझ्या शेजारी उभी होती, शाळा बुडवून आली होती. मी म्हटलं होतं येऊ नकोस, पण ती ऐकते थोडीच! म्हणाली, "विकला मी, तर आणायला मीच येणार."

काकू रागावल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हे कॉफीच्या दुकानात आहेत?"

"हो. तुम्ही बसा, आम्ही दहा मिनिटांत घेऊन येतो."

"मी येते."

गल्लीतून चालताना त्यांनी आपणहूनच सांगितलं. वकिलीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही, समोर बघत बोलत होत्या. "फोटो तयार झाला तेव्हा मी आले होते न्यायला. तुमच्या दारापर्यंत आले. तुम्ही पेपर वाचत होतात. मनात आलं, घरातून एकदाचे गेलेत, आता पैसे देऊन परत कशाला आणू? आणि तशीच मागे फिरले. मग ही गल्लीच सोडली. बाजारात जायचं तर वळसा घालून जायचे."

 वकील पुढे होऊन त्यांच्यासाठी वाट मोकळी करायला लागली.

"मारहाण वगैरे नाही हो," काकूच म्हणाल्या. "बोलायचेच नाहीत. घरात माणूस आहे हे फक्त चपलांवरून कळायचं. मुलगी त्यामुळेच लांब गेली. आता तो पोरगा तिला विचारतो, आजोबा कसे होते, तर ती म्हणते, आजीला विचार. आणि आजीने काय सांगायचं? फोटो भिंतीवर लावता येईल. पुढे?"

कॉफीच्या दुकानात शिरलो तर फ्रेमा समोरच्या भिंतीवर दाटीवाटीने लावलेल्या. मी सरळ अंबाडेवाल्याकडे गेलो, अक्रोडी फ्रेमकडे बोट दाखवलं आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट घासाघीस सुरू केली.

"काका, विकत घेतलंय मी," तो म्हणाला. "तो तर सगळ्यांचा लाडका आहे. लोक त्याच्या खालचं टेबल मागून घेतात."

"पैसे परत देतो."

"नको."

"दीडपट देतो." शेजारी वकिलीने सुस्कारा सोडला.

"काका, पैशाचा प्रश्नच नाही."

"दुप्पट. आणि आरसा करून देतो तुम्हाला. दोन आरसे. मोठे. पट्टी तुमच्या आवडीची." तो नाही म्हणत होता आणि मी बोली वाढवत होतो. आणखी दोन मिनिटं गेली असती तर मी दुकान त्याच्या नावावर करून दिलं असतं. एवढ्यात वकिलीने माझी बाही ओढली आणि मानेने भिंतीकडे खुणावलं.

काकू भिंतीपाशी पोचल्या होत्या. त्या अक्रोडी फ्रेमसमोर उभ्या होत्या. मी तो चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. जाड भुवया, एका बाजूची कॉलर वर गेलेली, ओठ गच्च मिटलेले. खाली मी हात धरून शिकवलेली ती लहान खिडकी, आणि खिडकीत वकिलीच्या अक्षरात लिहिलेलं कार्ड. काकूंनी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि वाचायला लागल्या. ओठ हलत होते, म्हणून मलाही शब्द कळत होते.

'हे गृहस्थ दर रविवारी बायकोला सायकलवर बसवून नदीपर्यंत नेत. चढ लागला की मोठ्याने गाणं म्हणत, म्हणजे दम लागलेला तिला कळू नये. ती मधेच हसली, तर सायकल थांबवून विचारत, कशाला हसलीस, मलाही सांग.'

आता या बाईंनी ती फ्रेम उचलून माझ्या डोक्यात घातली असती तरी मी ब्र काढला नसता. वकिलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुकानात चमचे वाजत होते, तेवढाच आवाज.

"आमच्याकडे सायकल नव्हती," काकू म्हणाल्या.

"आजी, मी..." वकील पुढे झाली. "चुकलं माझं. ओठ असे घट्ट मिटलेले दिसले, तर मला वाटलं, गाणं आत दाबून धरलंय."

काकूंनी पुन्हा एकदा कार्ड वाचलं. मग त्या फोटोखालच्या खुर्चीत बसल्या. अंबाडेवाल्याने न सांगता कॉफी आणून ठेवली. शेवटी त्यांनी वकिलीला खूण करून समोर बसवलं.

"तू हे सगळं चेहरे बघून लिहितेस?"

"हो."

"आणि विकतेस?"

"हो."

"मला आणखी लिहून दे. नातू पंधरा दिवस राहणार आहे. या एका सायकलवर पंधरा दिवस नाही निघायचे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो सात वर्षांचा आहे गं. त्याला काहीतरी चांगलं सांगायला हवं ना? काय घेशील?"

मी तोंड उघडलं. पैसे कसले घेताय काकू, फुकट देऊ, असं अगदी जिभेवर होतं. पण वकिलीने माझ्याकडे असं काही बघितलं की मी तोंड मिटून कॉफीवाल्याचे कोपरे बघायला लागलो. तिने किंमत सांगितली. न चाचरता, नेहमीची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी मान डोलावली. "देईन. फुकट घेतलं असतं तर मला ते तुझंच वाटलं असतं. विकत घेतलं की माझं."

अंबाडेवाल्याने तोवर स्टुलावर चढून फ्रेम खाली काढली होती. पैशाचं नाव काढलं नाही त्याने. माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, "आरसा एकच करा, काका."

"पण आजी, एक अट आहे," वकील दप्तरातून पेन काढत म्हणाली. "सगळंच मी रचलं तर तुमच्या तोंडी बसणार नाही. सांगताना अडखळाल. लहान मुलांना लगेच कळतं. एक तरी गोष्ट खरी पाहिजे. त्यांची स्वतःची. एक सांगा, बाकीचं मी तिच्याभोवती बसवते."

"खरी?"

"चांगली आणि खरी."

काकू विचार करायला लागल्या. फ्रेम त्यांच्या मांडीवर होती आणि त्या आपल्या 'ह्यांच्या' तोंडाकडे बघत होत्या. मीही बघत होतो, कोपऱ्यांकडे नाही, तोंडाकडे. चाळीसेक वर्षांच्या संसारात एक गोष्ट सापडायला किती वेळ लागावा? कॉफीवर साय धरली. मला वाटलं, आता या नाही म्हणतील.  मनातल्या मनात मीच त्यांना सुचवत होतो, कधी औषध आणून दिलं असेल, कधी छत्री धरली असेल, काहीतरी असेल हो काकू.

"संत्रं," त्या म्हणाल्या.

वकिलीने पेन टेकवलं.

"संत्रं फार छान सोलायचे. सगळी साल एका तुकड्यात काढायचे. कुठेही तुटायची नाही. मी बघत राहायची." त्यांनी बोट हवेत गोल गोल फिरवून दाखवलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर अगदी तरुण मुलीसारखा झाला. "मग साल माझ्यापुढे ठेवायचे आणि संत्रं सगळं एकटे खायचे."

वकिलीचं पेन थांबलं. "आजी, शेवटचं नको घ्यायला. तुमच्या हातात अर्धं ठेवायचे, असं करू या का?"

काकूंनी मान हलवली.

"नको. ते तसंच लिही," त्या म्हणाल्या. "तेवढे तरी ते खरे राहू देत."